आली आणि आलीच

आमच्या धाकटीचं ‘आलेच’ सगळ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध होतं. ‘आलेच’ म्हणून ती आत गेली की बाहेर थांबलेल्याने खुशाल एक डुलकी काढावी. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा ती आतून ‘आलेच, आलेच’ म्हणत राहिली आणि नवरदेव बाहेर पाऊण तास ताटकळला. वडील म्हणायचे, हिच्या ‘च’मध्ये अख्खी दुपार मावते. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. तिच्या ‘च’चा अर्थ या जगात कोणाला नेमका ठाऊक असेल तर तो मला, तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीला, हे आधीच कबूल केलेलं बरं. पुढे अडतीस माणसं मेली ती या ‘च’पायी.

आम्ही दोघी बहिणी दोन स्टेशनमास्तरांच्या घरी पडलो. आमचे हे एका स्टेशनावर आणि धाकटीचे यजमान पुढच्याच स्टेशनावर. मध्ये अकरा किलोमीटर एकेरी रूळ. त्या अकरा किलोमीटरांत एका वेळी एकच गाडी असली पाहिजे, दुसरी घुसली की कारभार आटोपला. म्हणून नियम असा होता, की इकडून सोडलेली गाडी तिकडे पूर्ण आत आली, की तिकडच्या मास्तराने टेलिफोनवर कळवायचं. इकडच्या मास्तराने ते शब्दन्‌शब्द परत म्हणायचं, वहीत वेळ लिहायची, आणि मगच मागची गाडी सोडायची. काय म्हणायचं तेही पुस्तकात छापलेलं होतं: ‘अमुक नंबरची गाडी शेवटच्या डब्यासह आत आली.’ आता साडू-साडू एकमेकांशी असं बोलतील का? पहिले सहा महिने बोलले असतील. मग ‘आली का?’ ‘आली.’ एवढ्यावर भागायला लागलं, आणि बारा वर्षं भागलं.

आणि मग त्या टेलिफोनवर आम्ही बायका आलो.

टेलिफोन ऑफिसच्या भिंतीवर होता, लाकडी पेटीचा. बाजूचा दांडा गरगर फिरवला की तिकडच्या ऑफिसात घंटा वाजायची. तो बोलायचा फक्त त्या दोन खोल्यांपुरता, त्यामुळे पैसे नाहीत, ऑपरेटर नाही, कोणी मध्येच ऐकणारं नाही. ‘रेल्वेच्या नोकरांखेरीज कोणीही हात लावू नये’ अशी पाटी त्याच्या डोक्यावर होती. ती पाटी दर आठवड्याला मीच पुसायचे. आमचं घर ऑफिसला चिकटून, धाकटीचंही तसंच. दुपारी जेवणाचा डबा घेऊन ऑफिसात जायचं आणि हे सही-शिक्क्यात गुंतले की दांडा फिरवायचा. तपासणीला येणाऱ्या साहेबालाही हे माहीत होतं. ‘बहिणीशी बोलून झालं का, बाई? मग जरा सरकारी काम करू द्या,’ असं तो हसत म्हणायचा. सगळ्यांना माहीत होतं, आणि कोणी चकार शब्द काढला नाही. पुढे मात्र हेच सगळे हवेत विरून गेले.

आमच्या ह्यांना लाइनीवर ‘घड्याळ’ म्हणत. एक मिनिट इकडचं तिकडे वहीत लिहिणार नाहीत, असा माणूस. स्वभावाने गरीब, आवाज कधी चढायचा नाही. घरातला चढा आवाज म्हणजे माझा.

त्या दिवशी बारा वाजून दहा मिनिटांनी मालगाडी आमच्याकडून सुटून धाकटीच्या स्टेशनाकडे गेली. पाठोपाठ पॅसेंजर येऊन फलाटाला लागली, तीही पस्तीस मिनिटं उशिरा. लोक चिडलेले. त्यात गार्डाच्या डब्यात चढवताना कोंबड्यांचा एक पिंजरा खाली आपटला आणि फुटला. वीस-पंचवीस कोंबड्या फलाटभर. हे, गार्ड, सांधे-सिग्नल फिरवणारा आमचा सांधेवाला आणि कोंबड्यांचा मालक असे चौघे वाकून वाकून त्यांच्या मागे धावत होते आणि खिडक्यांतून माणसं हसत होती. मीही हसले. डबा टेबलावर ठेवला, आणि मनात आलं, हे काही इतक्यात येत नाहीत. दांडा फिरवला.

धाकटीनेच उचलला. तिचे यजमान यार्डात होते. तिथे दोन रिकामे डबे मुख्य लाइनीवर उभे राहिले होते, ते बाजूला काढणं चाललं होतं. मला बोलायचं होतं आईबद्दल. आई दोन वर्षं माझ्याकडे होती. अंथरुणाला खिळलेली, रात्रंदिवस हाक. या महिन्यापासून धाकटी नेणार असं ठरलं होतं. ती म्हणाली, पुढच्या महिन्यात नेते.

“मागच्या महिन्यातही तू हेच म्हणालीस.”

“अगं ताई, खोलीला रंग देणं चाललंय. वासाने तिला त्रास होईल.”

“रंग! दोन वर्षं मी काय भोगतेय ते तुला रंगाइतकंही वाटत नाही का?”

“तू लगेच अंगावर येतेस. मी नेणार नाही असं म्हटलंय का?”

तेवढ्यात ह्यांनी फलाटावरून हाक मारली. दोन्ही हातांत एकेक कोंबडी, कपाळावर घाम. “अगं, माल आली का विचार!”

मी टेलिफोनमध्ये म्हणाले, “माल आली का?” 

तिने बाहेर डोकावून पाहिलं असावं. मग म्हणाली, “आलीच. ताई, पण आईचं मी खरंच—”

मी फोन टांगून टाकला. ‘खरंच’ काय ते मला ऐकायचं नव्हतं. खिडकीशी गेले आणि ह्यांना ओरडून सांगितलं, “आली!”

मी ‘च’ ऐकला होता. स्वच्छ ऐकला होता. रागावलं की मी शब्द तोडून बोलते, पहिल्यापासून. लांबण लावायला तेव्हा मला वेळ नव्हता. एवढंच कारण आहे, याहून मोठं काही मला आजवर सापडलेलं नाही.

हे एकदम सरळ झाले. कोंबड्या मालकाच्या हवाली केल्या, सांधेवाल्याला हात केला, सिग्नल पडला, गार्डाने झेंडी दाखवली. एक बाई नळावर बाटली भरत होती, ती धावत आली, तर ह्यांनी तिच्यासाठी गाडी पाच-दहा सेकंद थांबवली. दोन लहान पोरं दारातून तिला हात देत होती. बारा बेचाळीसला पॅसेंजर सुटली.

हे आत आले, हात धुतले, वहीत लिहिलं: मालगाडी पोचली, बारा अडतीस. मग डबा उघडला. मी अजून धुमसतच होते. आईवरून धाकटीला नावं ठेवत होते आणि हे मान डोलवत जेवत होते. दोन घास खाल्ले असतील, घंटा वाजली.

ह्यांनी तोंडातला घास एका गालात सारून फोन घेतला. पलीकडून धाकटीचे यजमान मोठ्याने बोलायचे, मला टेबलापाशी ऐकू येत होतं. “मालगाडी बाहेरच्या सिग्नलला उभी आहे. माझी लाइन आत्ता मोकळी झाली. पाच मिनिटांत आत घेतो. तुमची पॅसेंजर खोळंबली असेल ना? जरा कळ काढा म्हणावं.”

ह्यांनी घड्याळाकडे पाहिलं. बारा एकोणपन्नास.

“सुटली,” हे म्हणाले. “सात मिनिटं झाली.”

पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज आला. मग भाऊजींचं ओरडणं, ‘लाल झेंडी, लाल झेंडी घे, पळ!’, आणि बुटांचा आवाज, दूर दूर जाणारा. फोन त्यांनी टांगला नव्हता. तो तिकडे नुसता लोंबकळत होता आणि त्यांच्या ऑफिसातलं घड्याळ आम्हाला इकडे ऐकू येत होतं.

करण्यासारखं काही नव्हतं. अकरा किलोमीटर. पॅसेंजर उशीर भरून काढायला जोरात हाकली असणार. मालगाडीचं शेपूट डोंगराच्या खिंडीत, वळणाआड, इंजिनवाल्याला पन्नास पावलांवर येईपर्यंत दिसणार नाही असं. त्या गाडीतली माणसं खात असतील, झोपली असतील, कोंबड्यांवरून हसत असतील, आणि त्यांचं काय होणार हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. ह्यांनी फोन माझ्याही कानाशी धरला, आमची डोकी एकमेकांना टेकली. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. इतके जवळ आम्ही दिवसाउजेडी कधी उभे राहिलो नव्हतो.

मग फोनवर धाकटी आली. “हॅलो? ताई, तू आहेस का? हे असे पळत का गेले? काय झालं गं?”

मी फोन दोन्ही हातांनी धरला.

“ताई, बोल ना.”

आणि तिच्या आवाजामागून तो आवाज आला. मोठा नव्हता. कोणी वरच्या मजल्यावर कपाट सरकवावं तेवढा. तो थांबला असं वाटलं आणि परत आला, आणि परत. मग धाकटी किंचाळली.

आम्ही रुळावरून ढकलायच्या ट्रॉलीवरून तिथे गेलो. तिथलं सगळं मी सांगणार नाही. पॅसेंजरचे पुढचे तीन डबे एकात एक गेले होते. अडतीस माणसं. बाटलीवाली बाई मागच्या डब्यात होती, ती वाचली. तिची पोरं पुढच्या डब्यात आजोबांपाशी जाऊन बसली होती. ती बाई कोणालाही धरून विचारत होती, ‘तुम्ही दोघांना पाहिलंत का?’ मलाही विचारलं. भरावाच्या गवतात पाच-सहा कोंबड्या निवांत टिपत फिरत होत्या. त्या मला तिथल्या सगळ्या रक्ताहून असह्य झाल्या. मी दगड उचलून त्यांना मारायला लागले, तेव्हा कोणीतरी मला धरून बाजूला नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांना सांगितलं. “ती ‘आलीच’ म्हणाली होती. मी ‘आली’ म्हटलं.”

हे चपलेच्या पट्ट्याशी खेळत बसले. मग म्हणाले, “हे पुन्हा बोलू नकोस. फोनवर तू नव्हतीस. मी होतो.”

आणि तिकडे त्याच सकाळी भाऊजींनीही हेच ठरवलं होतं. बायकोला यात ओढायचं नाही. झालं काय, की चौकशीत दोघांनी आपापल्या बायकोला झाकलं आणि एकमेकांसमोर उभे ठाकले. आमचे हे म्हणाले, ‘मी फोनवर होतो, साडू मला आली म्हणाले.’ भाऊजी म्हणाले, ‘मी फोनवर होतो, मी आलीच म्हणालो.’ दोघेही खोटं बोलत होते, आणि बिचाऱ्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. तिसऱ्या दिवशी आमच्या सांधेवाल्याने सरळ सांगून टाकलं, की मास्तर फलाटावर कोंबड्या धरत होते आणि फोनवर बाई होत्या. बाई खिडकीतून ‘आली’ म्हणाल्या ते त्याने स्वतः ऐकलं. त्याचं काही चुकलं नाही. मग आम्हा दोघी बहिणींना जबानीसाठी मोठ्या ऑफिसात बोलावणं आलं.

निघण्याआधी ह्यांनी मला सगळं समजावलं, शाळेतल्या पोराला समजवावं तसं. “बायकांना फोन दिला म्हणून आम्हा दोघांनाही शिक्षा होणारच. पगार कापतील, बदली करतील, ते सोसता येईल. पण तुरुंगात एकच जण जाणार. तिकडून ‘आली’ असा निरोप आला असेल, तर गाडी सोडायला मी मोकळा होतो. मग चूक त्यांची. तिकडून ‘आलीच’ आलं असेल, तर त्यांनी मोकळीक दिलेलीच नाही. मग चूक आपली.”

“पण आलीच होतं ना.”

“माहीत आहे.” मग हा माणूस, ज्याने उभ्या जन्मात वहीत एक मिनिट खोटं लिहिलं नाही, माझे दोन्ही हात धरून म्हणाला, “तू ‘आली’ एवढंच म्हण. मला तुरुंगाची फार भीती वाटते गं.”

मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही.

मोठ्या ऑफिसात लांबलचक व्हरांडा होता आणि भिंतीला लागून बाकं. धाकटी तिथे बसली होती. नऊ दिवसांत आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. तिचे डोळे आत गेले होते. पलीकडच्या बाकावर भाऊजी, दाढी वाढलेली, नजर समोरच्या भिंतीवर. तिची जबानी झाली होती. मी शेजारी बसले.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “मी आलीच म्हटलं होतं. पाण्याच्या टाकीमागे इंजिनाचा धूर दिसला म्हणून म्हटलं. तू ऐकलंस ना?”

“ऐकलं.”

“मग तेवढंच सांग. माझं एकटीचं कोण खरं मानणार? म्हणतील, नवऱ्याला वाचवतेय. तू सांगितलंस तर मानतील. मी तुला खोटं बोलायला सांगत नाहीये, ताई. नऊ दिवस झाले, यांचा डोळ्याला डोळा लागलेला नाही. नुसते असे बसून असतात. मला भीती वाटते, काही करून घेतील.”

मी तिच्याकडे पाहिलं आणि माझं ठरलं. अडतीस माणसांचं मी काही करू शकत नव्हते. हे एवढं करू शकत होते.

माझं नाव पुकारलं. मला वाटलं होतं, आत मोठा साहेब असेल, लांब टेबल असेल. साहेब इंजिनवाल्यांच्या आणि गार्डांच्या जबान्या घेत होता. बायकांच्या जबान्या कारकून लिहून घेणार आणि कागद वर जाणार, तिथे साहेब लोक बसून निर्णय करणार. कारकून चाळिशीचा, सर्दीने बेजार. माझी जबानी त्याची त्या दिवसातली तेविसावी, असं त्याने स्वतःच सांगितलं. मनगट दाबत दाबत तो लिहीत होता. मी सगळं सांगितलं. कोंबड्या, फोन, आई, भांडण. “मी विचारलं, माल आली का. ती म्हणाली, आलीच. मी ते तोडलं आणि यांना ‘आली’ म्हणून सांगितलं.” सांगून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं, की रडूच आलं. कारकुनाने पाण्याचा पेला पुढे सरकवला.

मग त्याने लिहिलेलं वाचून दाखवलं, एका सुरात, मध्येच नाक ओढत. “त्यावेळी मी दूरध्वनीवरून मालगाडी आली काय अशी पृच्छा केली. माझ्या बहिणीने ‘आली’ असे उत्तर दिले. ते उत्तर मी खिडकीतून माझ्या पतीस कळविले.”

“अहो—” मी म्हणाले.

त्याने मान वर केली. त्यात लबाडी काही नव्हती. बोलताना मला दोन वाटणारे शब्द त्याच्या कानाला एकच वाटले होते, किंवा हात दुखत होता, किंवा बाहेर अजून माणसं ताटकळली होती. “काय? काही राहिलं का?”

सांगायला एक श्वास पुरला असता. तो लेखणी बुडवून वर एक अक्षर घालून देणार होता. पण माझ्या अंगात जेवढं धैर्य होतं तेवढं मी आत्ताच खर्चून बसले होते. ह्यांचे हात आठवले. आणि मला वाटलं, मी तर खरं बोलले ना. लिहिणाऱ्याने चुकीचं लिहिलं, ती चूक त्याची.

“काही नाही,” मी म्हणाले, आणि त्याने बोट ठेवलं तिथे सही केली. पुढे त्या कागदावर भाऊजींना सहा वर्षांची शिक्षा झाली. आमच्या ह्यांची नुसती बदली झाली.

मी बाहेर आले. धाकटी उठून उभी राहिली.

“सांगितलंस ना, ताई?”

“सांगितलं.”

“आलीच म्हणून?”

“आलीच म्हणून सांगितलं.”

तिने मला मिठी मारली, व्हरांड्यात, सगळ्या लोकांसमोर. मग ती पलीकडे गेली आणि भाऊजींच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक लांब श्वास सोडला, भिंतीला डोकं टेकलं, आणि बघता बघता त्यांची मान कलली. नऊ दिवसांनी तो माणूस तिथेच, बाकावर, बसल्या बसल्या झोपला. तोंड उघडं पडलं होतं.

धाकटी त्यांच्या शेजारी अवघडून बसली आणि त्यांचं डोकं तिने खांद्यावर घेतलं. ते जागे होऊ नयेत म्हणून तिने ओठांवर बोट ठेवून मला खूण केली, की हळू बोल.

मी बोलत नव्हतेच.